नाणी मोजावीत की मुडदे?

दोन हजार सोन्याची नाणी एका माणसाला एका खेपेत उचलता येत नाहीत. हा निष्कर्ष 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या १९८१ सालच्या नियमपुस्तिकेतला आहे. त्या पुस्तिकेत ओझं थेट नाण्यांत मोजतात. दहा नाणी म्हणजे एक पौंड. माणसाची कमाल क्षमता सोळाशे नाणी, आणि तेवढं लादलं की चालण्याचा वेग एक चतुर्थांशावर येतो. त्यातही अंगावरचं लोखंडी चिलखतच पाचशे नाण्यांचं, तलवार साठची. मग उरलं किती?

आणि त्याच पुस्तिकेत पहिल्या पातळीच्या लढवय्याला दुसऱ्या पातळीवर जायला अनुभवाचे दोन हजार गुण लागतात. एक सोन्याचं नाणं भुयारातून सुखरूप बाहेर आणलं की एक गुण. एक गॉब्लिन मारला तर पाच, आणि तेही सगळ्या सोबत्यांत वाटून.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की तो खेळ कसा खेळला जात असेल, ते न खेळताही सांगता येतं.

ज्यांचा या खेळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण मात्र खेळाडू नसतो. तो सगळं जग सांभाळतो. समोर काय दिसतं हे सांगतो, राक्षसांच्या वतीने बोलतो, वाद झाला तर निवाडा करतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात, लाडाने डीएम. पट असतोच असं नाही. "दाराला कान लावून ऐकते," असं तुम्ही म्हणता, तो फासा टाकतो आणि काय ऐकू आलं ते सांगतो. जिंकणं-हरणं नाही, पात्र अनुभव मिळवतं, पातळ्या चढतं, किंवा मरतं.

१९७४ पासून या खेळाच्या बऱ्याच आवृत्त्या आल्या. कुठली चांगली यावर लोक तासन्‌तास भांडतात, आणि भांडण बहुतेकदा फाशांच्या गणितावर असतं: चिलखताचा आकडा चढता हवा की उतरता वगैरे. माझ्या मते ते गणित दुय्यम आहे. आवृत्तीगणिक खेळ बदलला तो दोन प्रश्नांच्या उत्तरांमुळे. खेळ मोबदला कशाचा देतो? आणि नियमात जे लिहिलेलं नाही ते ठरवतं कोण?

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं महत्त्व मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ज्या टीममध्ये बंद केलेल्या तिकिटांची संख्या मोजतात तिथे एका तिकिटाची पाच होतात. माणसं वाईट नसतात. मोजपट्टीच्या दिशेने वाढतात, इतकंच.

हा खेळ जन्मला युद्धखेळांतून. शिशाचे छोटे सैनिक टेबलावर मांडून जुन्या लढाया पुन्हा लढायच्या, हा अमेरिकेतल्या मध्य-पश्चिमेकडच्या हौशी मंडळींचा छंद. १९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेस्लीने 'ब्राउनश्टाइन' नावाचा एक डाव मांडला. त्यात खेळाडूंना सैन्याऐवजी एकेक माणूस दिला: कुणी गावचा महापौर, कुणी विद्यार्थी. त्याच गटातल्या डेव्ह आर्नसनने ही कल्पना उचलली आणि ब्लॅकमूर नावाच्या किल्ल्याखालच्या भुयारांत नेली. तिकडे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स नावाचा, विम्याची नोकरी गेल्यावर घरी जोडे दुरुस्त करून पोट भरणारा गृहस्थ मध्ययुगीन लढायांचे नियम लिहून बसला होता. दोघांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिकांचा एक खोका निघाला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची, किंमत दहा डॉलर. खोके घरच्या आणि मित्रांच्या हातांनी भरलेले.

त्या पुस्तिका आज वाचल्या तर खेळायचं कसं हे धड कळत नाही. लढाईसाठी त्या वेगळ्याच पुस्तकाकडे बोट दाखवतात, रानातल्या प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीचा पट घ्यायला सांगतात. युद्धखेळवाल्या जुन्या मंडळींना हे चाललं, कारण त्यांच्याकडे पंच असायचा आणि पंचाने ठरवायची त्यांना सवय होती. बाकीच्यांनी भोकं आपापल्या परीने बुजवली. परिणाम असा की दोन-तीन वर्षांत गावोगावी वेगळा खेळ झाला. तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी तर, आम्ही तुमच्या वतीने कल्पना का करावी, अशा अर्थाचं काहीतरी लिहून लेखकांनी हातच झटकले होते.

पण सोन्याचा मोबदला पहिल्यापासून होता. आर्नसनच्या ब्लॅकमूरमध्ये त्याला एक फाटाही होता, जो त्याने १९७७ च्या पुस्तकात नोंदवला: सोनं मिळवून गुण नाहीत, ते पात्राच्या आवडीनिवडीवर उधळल्यावर गुण. कुणाला दारू, कुणाला धर्म, कुणाला नावलौकिक. छापील खेळात हा फाटा मागे पडला, राहिलं ते साधं सूत्र: एक नाणं, एक गुण.

या सूत्राची सगळ्यात नेटकी मांडणी म्हणजे १९८१ ची, टॉम मोल्डवेने संपादित केलेली प्राथमिक पुस्तिका. चौसष्ट पानं. मी ती एखाद्या चांगल्या छोट्या प्रोग्रॅमसारखी वाचते, कारण तिच्यातला प्रत्येक भाग दुसऱ्या कशाला तरी जोडलेला आहे. भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांत मोजायचा. मशाल सहा पाळ्या टिकते. दर दोन पाळ्यांनी डीएम एक सहाबाजूचा फासा टाकतो. एक पडला तर भटकते राक्षस येतात. या भटक्यांकडे खजिना जवळपास नसतोच. म्हणजे त्यांच्याशी लढणं हा निव्वळ तोटा: रक्त जातं, मंत्र जातो, मशाल जळते आणि हाती पाच-दहा गुण. जादूगाराकडे दिवसाला एकच मंत्र, आणि जीव चारबाजूच्या फाशावर पडेल तेवढा. शून्यावर आलात की मेलात, सवलत नाही. जखमी झालात तर दिवसभर अंथरुणाला खिळून एक ते तीन गुण भरतात.

आता यात राक्षस समोर आला की काय करावं? पुस्तिका लगेच लढाई लावत नाही. आधी दोन फासे टाकून त्यांची प्रतिक्रिया ठरते. दोन पडले तर हल्ला, बारा पडले तर दोस्ती, आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात राक्षस संशयाने बघत उभे. तिथे बोलायला जागा असते. शिवाय लढाई लागली तरी राक्षसांच्या धीराची परीक्षा होते, त्यांच्यातला पहिला पडला की ते पळूही शकतात. थोडक्यात, या आवृत्तीने खेळाडूंना भित्रं, लोभी, गोडबोलं आणि नकाशे काढणारं बनवलं. शूरवीर नव्हे, दरवडेखोर. घरात कुणी नसताना जाऊन तिजोरी उचलून आणणारा इथे आदर्श.

नैतिकदृष्ट्या हे काही थोर नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या: या हिशोबात मारण्याला जवळजवळ किंमत नाही.

दरम्यान गायगॅक्सचं मत पालटलं होतं. १९७७ ते १९७९ या काळात त्याने 'अॅडव्हान्स्ड' नावाने तीन जाड पुस्तकं काढली आणि आता सगळीकडे एकसारखं खेळा असं बजावलं. अधिवेशनांमध्ये स्पर्धा होत, तिथे एकच नियम लागत. शिवाय हा वेगळा खेळ आहे असं म्हटलं की आर्नसनच्या मानधनाचा प्रश्न वेगळा होत होता. आर्नसनने १९७९ मध्ये दावा लावला, १९८१ मध्ये तडजोड झाली. नियम कुणाचे, हा प्रश्न या खेळाला जन्मापासून चिकटलेला आहे. त्या जाड पुस्तकांतही सोन्याचे गुण होते, पण पातळी चढायला गुरूकडे शिक्षण घेणं सक्तीचं आणि त्याची फी पातळी गुणिले पंधराशे नाणी, दर आठवड्याला. म्हणजे जिवावर उदार होऊन आणलेलं सोनं कोचिंग क्लासला. हे वाचताना मला अकरावी-बारावीची दोन वर्षं आठवली, ते असो.

सूत्र मोडलं ते गोष्टीमुळे. १९८४ मध्ये ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांच्या 'ड्रॅगनलान्स'च्या मोहिमा येऊ लागल्या. त्यांना कादंबरीसारखं कथानक होतं, कादंबऱ्याही निघाल्या. आता कथानकाचा नायक तिसऱ्याच खोलीत सहा गॉब्लिनांच्या हातून मेला तर पुढचे भाग कसे व्हायचे? म्हणून त्या मोहिमेत डीएमला सूचना होती की महत्त्वाच्या पात्रांचा मृत्यू संदिग्ध ठेवा. प्रेत सापडू देऊ नका, म्हणजे पुढे परत आणता येईल. नियम एका खेळाचे आणि मोहीम दुसऱ्याच खेळाची. खजिना लुटायला बनवलेल्या यंत्रावर महाकाव्य चालवायचं तर यंत्राच्या तोंडावर हात ठेवावा लागतो.

१९८९ मध्ये दुसरी आवृत्ती आली. गायगॅक्स तोवर कंपनीबाहेर गेला होता; संपादनाची धुरा डेव्हिड 'झेब' कुककडे. या आवृत्तीबद्दल लोकांना आठवतं ते हे की धर्मभीरू पालकांच्या ओरड्यामुळे सैतान-पिशाच्च ही नावं आणि मारेकऱ्याचा पेशा काढून टाकला. मला वाटतं खरी मोठी घटना डीएमच्या पुस्तकातल्या एका परिच्छेदात झाली: सोन्याचे गुण यापुढे ऐच्छिक. वर तो पर्याय जपून वापरा असा इशारा.

सोनं गेलं, मग मोजायचं काय? गॉब्लिनचे आता पंधरा गुण झाले. लढवय्याला दुसऱ्या पातळीसाठी अजूनही दोन हजारच हवेत, म्हणजे एकट्याने एकशे चौतीस गॉब्लिन. हे जमणार नाही हे संपादकांनाही दिसत होतं, म्हणून त्यांनी पेशावार बक्षिसांचं आणखी एक ऐच्छिक कोष्टक दिलं: लढवय्याला शत्रू हरवल्याबद्दल, जादूगाराला कामी आलेल्या मंत्रांबद्दल, चोराला मात्र प्रत्येक नाण्याचे दोन गुण. म्हणजे एकाच टोळीत चोराला लढाई टाळायची आहे आणि लढवय्याला ओढवून घ्यायची आहे. आणि याखेरीज गोष्ट पुढे नेल्याबद्दल डीएमने स्वतःच्या मर्जीने द्यायचे गुण.

या मर्जीनेच सगळं बदललं. नाणं मोजता येतं. खेळाडू स्वतः मोजू शकतो, आज कुठलं दार उघडायचं हे स्वतः ठरवू शकतो, डीएमने आखलेली वाट सोडून भलतीकडे जाऊ शकतो. सोनं तिथेही सोनंच. 'गोष्ट पुढे नेणं' मोजता येत नाही. ते डीएमच्या डोक्यात असतं. खेळाडूची नजर नाण्यांवरून उठली ती डीएमच्या चेहऱ्यावर जाऊन बसली.

१९९७ मध्ये मूळ कंपनी बुडता बुडता 'मॅजिक' हा पत्त्यांचा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली, आणि २००० साली जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांची तिसरी आवृत्ती आली. इंजिनिअर म्हणून ही मला आवडायलाच हवी. आधीच्या पंचवीस वर्षांत साचलेली ठिगळं काढून त्यांनी एकच सूत्र ठेवलं: वीसबाजूचा फासा, अधिक तुमचं कौशल्य, ठरलेल्या आकड्याहून जास्त किंवा तेवढंच झालं की जमलं. कुलूप उघडणं, भिंत चढणं, राजाला पटवणं, सगळं एकाच सूत्राने. गुणांचंही तसंच. राक्षसाला काठिण्यपातळी दिली आणि गणित असं बसवलं की चार जणांच्या टोळीने आपल्या पातळीच्या १३.३३ लढती दिल्या की पुढची पातळी. पहिल्या पातळीच्या एका आव्हानाचे तीनशे गुण, चौघांत पंच्याहत्तर, हजाराला भागा. तेरा-चौदा लढती, चार-पाच शनिवार.

पुस्तकात 'आव्हानावर मात' असा शब्द होता, चकवा देऊन पुढे गेलात तरी गुण मिळतील असंही स्पष्ट होतं. पण कोष्टकात बहुतेक राक्षस होते. आणि पातळी चढेल तशी पात्रं इतकी दणकट होत की चकवा देण्याची गरजच नसे. सोन्याचं काम बदललं: आता त्याने जादूची तलवार विकत घ्यायची, म्हणजे आणखी मारता येईल.

आमच्या पुण्यातल्या गटात आम्ही गायगॅक्सची 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही मोहीम, जी १९८१ च्या खोक्यात पुस्तिकेसोबत यायची, दोनदा खेळलो. काही महिन्यांच्या अंतराने, एकदा तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ मधल्या सुधारित नियमांनी आणि एकदा मोल्डवेच्या. मोहीम म्हणजे एका दरीत शेजारीशेजारी गुहा, प्रत्येकीत वेगळी जमात. गॉब्लिनांच्या शेजारी एक ओगर राहतो; संकट आलं की गॉब्लिन त्याच्याकडे अडीचशे नाण्यांची थैली फेकतात आणि तो त्यांच्या बाजूने लढायला येतो. नव्या नियमांत आमच्या टोळीने गॉब्लिनांना कापलं, ओगरला कापलं, थैली उचलली. त्यात काही चूक नाही, मजाही आली. जुन्या नियमांत त्याच ओगरला बघून सगळे हळूच मागे सरकले. मग कुणीतरी विचारलं, अडीचशेला येतो तर तीनशेला फुटेल का? पुढचे दोन शनिवार ती मोहीम म्हणजे पाटबंधाऱ्याच्या टेंडरसारखी झाली होती: कुणाला किती द्यायचे, कुणाला कुणाविरुद्ध भडकवायचं.

आणखी एक. त्या गुहांत जमातींच्या बायका आणि पोरंही आहेत, न लढणारी, आकड्यासकट नोंदवलेली. त्यांचं काय करायचं यावर हा खेळ खेळणारे वर्षानुवर्षं वाद घालत आलेत. मोल्डवेच्या नियमांत आमच्याकडे तो प्रश्न आलाच नाही, कारण आम्ही त्या खोलीपर्यंत गेलोच नाही. तिथे सोनं नव्हतं. नव्या नियमांत गुहा 'साफ' करत करत आम्ही त्या दारात पोचलो. टेबलावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

इथे थांबले तर मी जुन्याची भक्त ठरेन, आणि तसं नाही. आमच्यात लातूरकडचा एक मित्र आहे. मराठी माध्यमातला, हुशार, पण टेबलावर इंग्रजी सुरू झालं की गप्प. आणि आमचं टेबल कळत-नकळत इंग्रजीत घसरायचं, कारण पुस्तकं इंग्रजी, राक्षसांची नावं इंग्रजी. तिसऱ्या आवृत्तीत त्याने राजकारणी पात्र घेतलं. वाटाघाटींचं कौशल्य एवढं वाढवलेलं की फासा टाकला की समोरचा पाघळायचा. त्याला भाषण करावं लागत नव्हतं. कागदावरचा आकडा त्याच्या वतीने बोलत होता. 'नियम नको, निवाडा हवा' म्हणणारे जुन्या वळणाचे लोक हे विसरतात की निवाडा ज्याच्या-त्याच्या तोंडाळपणावर होतो. डीएमला ज्याची शैली आवडते त्याचं पात्र जगतं. लिहिलेला नियम मितभाषी माणसाचं संरक्षण करतो. माझ्या मते तिसऱ्या आवृत्तीची ही सगळ्यात मोठी कमाई आहे, भले त्या वाटाघाटींच्या नियमाची पुढे कितीही थट्टा झाली असो.

जुने नियम घेतले तेव्हा हा प्रश्न आधीच दिसत होता, म्हणून टेबल मराठीत करायचं ठरवलं. ओगर मराठीत बोलला की निम्मा घाबरवण्याजोगा राहत नाही, हे खरं. पण तीनशेला फुटेल का, हे विचारणारा हाच मित्र होता.

चौथ्या आवृत्तीवर, २००८, मी फार बोलणार नाही. तिने प्रत्येक पात्राला लढाईतली भूमिका ठरवून दिली, शक्ती वाटून दिल्या, अंतर चौकोनांत मोजलं. जे करायचं ते चोख केलं, पण ते एकच होतं, आणि अर्धी जनता 'पाथफाइंडर' नावाच्या दुसऱ्या खेळाकडे गेली, जो म्हणजे तिसरीच आवृत्ती नव्या वेष्टनात. २०१४ च्या पाचवीने सगळ्यांना परत बोलावलं. ती चतुर आहे. गुणांचं कोष्टक आहे, पण ते नको असेल तर डीएमला वाटेल तेव्हा पातळी द्या. बरेच गट आज असंच खेळतात. म्हणजे १९८९ मध्ये जी मर्जी मागच्या दाराने आली ती आता यजमान झाली. मेलात तर तीन-तीन संधी, आठ तास झोपलात की सगळ्या जखमा साफ. प्रकाशाचा मंत्र फुकट, हवा तितक्यांदा, त्यामुळे मशाली कुणी मोजत नाही. सोनं साचत जातं आणि त्याचं करायचं काय हे कुणाला सुचत नाही. याउलट पात्राचं पूर्वायुष्य, त्याचं दुःख, त्याचे हाडवैरी यांवर लोक वह्या भरतात. मरणार नाही याची खात्री असल्याशिवाय कोण एवढा जीव लावेल?

जुने नियम मात्र मेले नाहीत, आणि ते वाचले कसे हा या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा भाग. २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीसोबत कंपनीने एक खुला परवाना दिला होता: आमच्या नियमांचा गाभा वापरा, पूरक पुस्तकं काढा, आमचाच खेळ खपेल. मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांवरून सुचलेली कल्पना. अमेरिकन कायद्यात खेळाच्या पद्धतीवर प्रताधिकार नसतो, फक्त शब्दांवर असतो. तर २००६ मध्ये स्टुअर्ट मार्शल, मॅट फिंच आदींनी त्या परवान्यातले शब्द घेऊन त्यांतून पहिल्या 'अॅडव्हान्स्ड'ची गणितं पुन्हा लिहून काढली. आमच्याकडे याला क्लीन-रूम म्हणतात, जरी ही खोली तितकीशी स्वच्छ नव्हती. मग १९७४ आणि १९८१ च्याही नकला आल्या. ज्या आवृत्तीने सोन्याचा हिशोब गाडला, तिच्याच परवान्याने तो उकरून काढला.

जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तो परवाना मागे घेण्याचा प्रयत्न केला. बोंब एवढी उठली की महिना संपायच्या आत माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा केला गेला. आता तो परत घेता येत नाही.

आमच्या टेबलावर सध्या मोल्डवेचे नियम आहेत, वर आर्नसनचा तो जुना फाटा लावलेला: खर्च केल्याशिवाय गुण नाहीत. चोराला दुसऱ्या पातळीसाठी बाराशे पुरतात. लातूरकर मित्राच्या चोराने ते किल्ल्याखालच्या वस्तीतल्या एका पडक्या वाड्याला छप्पर घालण्यात घालवले. गेल्या शनिवारी मी पावसासाठी फासा टाकला आणि छप्पर गळलं. आता तो सुतार शोधतोय, आणि सुतार म्हणतो आगाऊ दोनशे.